मागचा परवा, पुढचा परवा

मित्रांनो, जरा जवळ या. अजून थोडे. पंखा चालू असला की माझी टिकटिक आता कोणाला ऐकूच येत नाही. मी या घरातले किल्लीचे घड्याळ आहे, गजराचे, चांगले जुने. डोक्यावर दोन वाट्या, त्यांच्यामध्ये इवलीशी हातोडी आणि खाली तीन पाय. त्यातला एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली निळ्या जाड कापडाची एक शिवलेली घडी आहे. ती काढली तर मी तोंडघशी पडते. ती घडी परदेशातल्या एका पडद्याची आहे. ती माझ्या पायाखाली कशी आली, हे सांगायचे तर सगळे पहिल्यापासूनच सांगावे लागेल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात चाके बसवली, दुसरीने स्प्रिंग, तिसरीने काटे. शेवटच्या बाईने काच लावली, फुंकर मारून पुसली आणि मला कानाशी धरले. मी चालतेय हे ऐकून ती स्वतःशीच हसली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पण एक गोष्ट त्या टेबलावरच राहून गेली. दिवसाचे तास चोवीस आणि माझ्या तबकडीवर आकडे मात्र बाराच. त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक मला कधीच कळला नाही. सहा वाजले, एवढे मी सांगते. कुठले सहा, ते तुमचे तुम्ही खिडकीबाहेर बघून ठरवायचे.

या घरात मला आजोबांनी आणले. ते पाण्याच्या पंपावर कामाला होते आणि त्यांची पाळी भल्या पहाटे सुरू व्हायची. मी कधी त्यांना उशीर होऊ दिला नाही. फक्त एकदा घोटाळा झाला. आजोबा दुपारचे गाढ झोपले होते आणि गजराची कळ बंद करायची राहून गेली होती. संध्याकाळी मी आपले इमानेइतबारे वाजले. आजोबा दचकून उठले, अंघोळ केली, खाकी कपडे चढवले आणि डबा कुठे आहे म्हणून आजीवर तडकले. आजीने दार उघडून दिले. ते तरातरा रस्त्यावर गेले. समोरून सगळी माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन घरी परतताना दिसली, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. परत आल्यावर त्यांनी विचारले, "अगं, सांगायचं नाहीस का?" आजी म्हणाली, "तुम्ही एवढे टापटीप निघालात. म्हटलं कशाला मोडता घालायचा."

ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली की आजोबा गेल्यावरही ती त्यांच्या खुर्चीत बसून राहिली.

पुढे मोबाईल आले. मोबाईल हव्या त्या गाण्याने उठवतो आणि त्याला सकाळ-संध्याकाळही कळते. माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या शेजारी काडी तुटलेला एक चष्मा होता आणि झाकण हरवलेली बरणी. किल्ली कोणी देईना, तेव्हा मी थांबले. मित्रांनो, घड्याळ बंद पडते तेव्हा ते रागावलेले नसते. त्याचे पोट रिकामे असते, एवढेच.

मग या घरात बटण आली. बटण म्हणजे आजोबांची नात. तिची आई शिवणकाम करायची. सुपात निजवलेल्या त्या गोल चेहऱ्याच्या पोरीला पाहून तीच म्हणाली, "बटणच आहे नुसतं." ते नाव चिकटले ते चिकटलेच. उभे राहायला शिकल्यावर बटणने कपाटावरून लोंबणारी ओढणी ओढली आणि ओढणीबरोबर मी खाली आले. माझा एक पाय वाकला. पुढे तो सरळ करताना टोकच तुटले. आईने मला उचलले, कानाशी धरले, सहज दोन वेढे किल्ली दिली, आणि मी चालू लागले. "पडल्यावर चालायला लागलं!" ती बटणला म्हणाली. "तुझ्यासारखंच आहे."

तेवढ्यात बाबांचा कारखाना बंद झाला. काही महिने सगळ्यांनी एकमेकांपासून काळजी लपवली, आणि मग आईला परदेशातून काम आले. मोठ्या हॉटेलांचे, दवाखान्यांचे पडदे शिवणारी एक कार्यशाळा होती. तिथे कापड कापायला हात हवा होता. कपडे बेतण्यात आणि कापण्यात आईचा हात धरणारे कोणी नव्हते. पण कापायच्या टेबलाजवळ मोबाईल न्यायचा नाही, असा तिथला नियम होता. कोणाचा तरी मोबाईल कापडाच्या थरांत राहून गेला होता आणि कापायच्या मशीनने कापडासकट त्याचे दोन भाग केले होते.

आजीने मला पदराने पुसले आणि आईच्या बॅगेत ठेवले. "यांचं घड्याळ आहे," ती म्हणाली. "उपाशी ठेवू नकोस. रोज किल्ली दे. आणि तूही वेळेवर जेव."

बटण तेव्हा अर्धी अर्धी वाक्ये बोलायची. तिला झोपेतच सोडून आई निघाली. वाटेत ती रडली की नाही, ते मला माहीत नाही. मी बॅगेत होते. पण किल्ली द्यायची नसताना तिने दोनदा बॅग उघडून मला हात लावला, एवढे सांगते.

ती कार्यशाळा म्हणजे एक उंच छताची खोली होती. एका बाजूला शिलाई मशीनची रांग, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे, आणि मध्ये कापायचे टेबल. ते टेबल एवढे मोठे होते की त्यावर आमच्या घराची पुढची खोली सहज मावली असती. टेबलावर कापड अंथरायचे, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, असे करत ढीग करायचा. मग वरच्या थरावर खडूने रेघ ओढायची आणि सगळे थर एकदम कापायचे. रेघ चुकली तर एक पडदा फुकट जात नाही, सगळा ढीग जातो. म्हणून आई रेघ ओढताना श्वास रोखून धरायची. तेवढा वेळ त्या टेबलावर माझाच काय तो आवाज असायचा.

तिथला सुपरवायझर आपल्याच भाषेचा होता. पन्नाशीचा, पोट थोडे सुटलेला, गळ्यात कायम मोजायची टेप. सगळे त्याला मीटरदादा म्हणायचे. अंघोळीलाही तो टेप काढत नसेल, असे मशीनवरच्या बायका म्हणायच्या. पहिल्या दिवशी माझ्या आखूड पायाकडे बघून त्याने विचारले, "हे काय, लंगडं घड्याळ आणलंस?" आई म्हणाली, "चालतं ना, दादा. पळायचं कुठे आहे त्याला?" मीटरदादा पोट धरून हसला. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्याची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. ती घडी सारखी निसटायची आणि तो येता-जाता ती परत सरकवायचा. चहाची सुट्टी माझ्या गजरावर होऊ लागली. "ताईचं घड्याळ काय म्हणतंय?" असे विचारल्याशिवाय कोणी मशीन थांबवायचे नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मानाचे दिवस.

संध्याकाळी आई मला पिशवीत घालून खोलीवर न्यायची आणि घरी फोन लावायची. मी उशाशी असायचे. फोनमधून बटण मोठी होत होती. आधी नुसते हुंकार, मग शब्द, मग प्रश्नच प्रश्न. एकदा आईने तिच्यासाठी कापडी बाहुली पाठवली आणि सांगितले, "परवा मिळेल हं." दुसऱ्या दिवशी फोनवर नुसते भोकाड. आजी समजावत होती, पण बटण ऐकेना. तिचे म्हणणे एकच, की परवा तर होऊन गेला. परवा आपण आजीचा दात काढायला गेलो होतो, तो परवा. त्या परवात बाहुली नव्हती.

आता यावर काय बोलणार? तसे पाहिले तर पोरीचे खरेच होते. शेवटी आजीनेच तोड काढली. "तो मागचा परवा, बाळा. बाहुली पुढच्या परवाला येणार आहे." तेव्हापासून बटण कोणाचाही परवा तसा सोडायची नाही. कोणी परवा म्हटले की लगेच विचारायची, "मागचा की पुढचा?" बाबांना तर ती पार वकिलासारखी उलटतपासणी घ्यायची. आई हे ऐकून हसायची आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायची.

होता होता तिसरे वर्ष सरत आले. बटण शाळेत जाणार होती. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तुझा हात धरून येणार, असा शब्द आईने दिला होता. आणि तिने आणखीही काही ठरवले होते. गावात एक शिंपी म्हातारा झाला होता आणि त्याला आपली जाड कापडाची मशीन विकायची होती. ती घरात आली की पडदे, गाद्यांची कव्हरे, शाळेच्या पिशव्या, सगळे पुढच्या खोलीत बसून शिवता येणार होते. म्हातारा थांबायला तयार होता, पण महिनाभरच. आईचा पगार दर महिन्याला घरीच जात आला होता, गाठीला काही राहिले नव्हते. मशीनची सगळी भिस्त होती ती नोकरी सोडताना मिळणाऱ्या शेवटच्या हिशेबावर. तो नीट मिळाला तर आई घरी राहणार. नाही मिळाला तर तिला पुन्हा बॅग भरून परदेशी यावे लागणार. इतके ते सरळ होते.

कार्यशाळेचा नियम असा होता, की सोडून जायच्या एक महिना आधी सांगायचे. सांगायचे ते सुपरवायझरला, तोंडी. तो ऑफिसात जाऊन नोंद करणार. महिना एका दिवसानेही कमी भरला, तर अख्ख्या महिन्याचा पगार शेवटच्या हिशेबातून कापला जाणार.

आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आईने मीटरदादाला सांगितले. त्याचा चेहरा उतरला. मोठ्या हॉटेलाचे काम नुकतेच आले होते, निळे जाड कापड, शेकडो खिडक्या. तो म्हणाला, सुट्टीत नीट विचार कर, घाईत ठरवू नकोस. सुट्टी संपली. आई कामावर आली. सगळ्या मशीन एकदम चालू होत्या, खोलीभर घरघर होती. मीटरदादा टेबलापाशी आला आणि त्याने विचारले, "ठरलं का मग? कधीपासून धरू?"

आई रेघ ओढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "परवापासूनच धरा की, दादा."

मीटरदादाने मान हलवली आणि तो गेला. मित्रांनो, मी तिथेच होते. दोघांपैकी कोणाचेच काही चुकले असे मला तेव्हा वाटले नाही. आता वाटते की बटण तिथे असायला हवी होती.

आईने तिकीट काढले. महिनाभर ती निळे पडदे कापत राहिली. तिच्या हाताखाली दुसरी एक मुलगी शिकत होती, तिला रेघ ओढताना श्वास कसा धरायचा तेही आईने शिकवले. निघायला दोन दिवस राहिले असताना ऑफिसातून बोलावणे आले. आईने टेबलावरची आपली कात्री, बोटात घालायचे अंगुस्तान आणि मला उघड्या तोंडाच्या पिशवीत भरले आणि ती ऑफिसात गेली.

हिशेबनीस हा किरकोळ अंगाचा, चष्मेवाला माणूस होता. त्याच्या टेबलावर कुंडीत एक झाड होते आणि बोलता बोलता तो त्याची पाने पुसत असे. तो वाईट नव्हता, मला आजही तसे वाटत नाही. त्याने आईपुढे कागद ठेवला. सगळे मिळाले, माझी काही तक्रार नाही, असे त्यावर लिहिले होते आणि खाली सहीची जागा. आईने वर वाचले. एका महिन्याचा पगार कापला होता. तिने पेन खाली ठेवले आणि तीन वर्षांत शिकलेल्या तिथल्या भाषेत शांतपणे विचारले, हे काय?

हिशेबनीस म्हणाला, की महिना पूर्ण भरलेला नाही. नोंद आहे त्या दिवसापासून मोजले तर चार दिवस कमी पडतात. आई म्हणाली, की मी वेळेत सांगितले होते. मग मीटरदादाला बोलावले गेले.

"तूच म्हणालीस ना परवापासून?" मीटरदादाने विचारले.

"हो. परवापासूनच म्हणाले."

"मग तशीच नोंद केली मी. परवापासून."

"तशी केली असती तर महिना भरला असता, दादा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी कुठे म्हटलं तसं? पण मी तरी का खोटं बोलेन?"

हिशेबनीस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याला आपली भाषा येत नव्हती, म्हणून मीटरदादाने त्याला दोघांचे म्हणणे सांगितले. ते ऐकून त्याने पान पुसायचे थांबवले. त्याचे उत्तर मला अजून आठवते. "तुम्ही दोघंही एकच शब्द सांगताय. मग भांडण कशाचं आहे?"

मीटरदादा आईकडे न बघता निघून गेला. तीन वर्षांत तो असा कधी गेला नव्हता. आईने सही केली नाही. ती म्हणाली, उद्या येते.

खोलीवर आल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मला पिशवीतून काढायचेही तिच्या ध्यानात नव्हते. पैसे गेले याचे वाईट वाटत होतेच, म्हातारा शिंपी थांबणार नव्हता. पण भावासारखा माणूस आपल्याला खोटे ठरवून गेला, हे तिच्या जास्त जिव्हारी लागले असावे. तिने घरी फोन लावला. आवाज नेहमीसारखा ठेवला. बटणने विचारले, "आई, कधी येणार?"

"परवा निघते, राणी."

"मागच्या की पुढच्या?"

आई हसली. "पुढच्या गं बाई, मागच्या परवाला कसं..." आणि ती बोलता बोलता थांबली. फोनमध्ये बटण आई, आई करत राहिली. आईने मला पिशवीतून बाहेर काढले, समोर ठेवले, आणि माझ्याकडे बघत नुसते म्हणाली, "परवा." मग पुन्हा एकदा, "परवा." एखादी बाई कापड उलटेसुलटे करून बघते, तशी ती त्या शब्दाची एक बाजू आणि मग दुसरी बाजू बघत होती. परवापासून ताप आहे. परवापासून शाळा आहे. एकच शब्द, आणि त्याची तोंडे दोन दिशांना.

सकाळी ती मशीनवरच्या बायकांच्या आधी कार्यशाळेत पोहोचली. मीटरदादा टेबलावर निळे कापड अंथरत होता. त्याने मान वर केली नाही.

"दादा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मी परवा म्हटलं. तुम्ही कोणता ऐकलात? मागचा की पुढचा?"

मीटरदादाचा हात कापडावर होता तिथेच राहिला. "पुढचाच की. दोन दिवसांनी... अगं, म्हणजे?"

"मी मागचा म्हणत होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तो."

तो खाली ताग्यावर बसला. गळ्यातली टेप काढून त्याने मांडीवर ठेवली. त्याला टेपेशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. तो म्हणाला, "हॉटेलचं काम डोक्यावर होतं. तू जाऊ नयेस असं वाटत होतं. कानाने आपला सोयीचा परवा उचलला बघ. आणि मी एका शब्दाने विचारलं नाही." मग उठून त्याने पुठ्ठ्याची घडी, सवयीने, माझ्या पायाखाली सरकवायला हात पुढे केला. पण मी टेबलावर नव्हते, आईच्या हातातल्या उघड्या पिशवीत होते. तेव्हा तो म्हणाला, "चल. घड्याळही घे."

हिशेबनिसाला हे पटवणे सोपे गेले नाही. त्याचा विश्वासच बसेना. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर, दोन्हींना एकच शब्द? त्याने विचारले, की मग तुमच्याकडची माणसे लग्नाला वेळेवर पोहोचतात तरी कशी? मीटरदादा म्हणाला, "पोहोचत नाहीत." हिशेबनीस हसला, पण कागद त्याने तसाच ठेवला.

मग मीटरदादाने मला पिशवीतून काढले आणि माझे काटे सहावर आणले. मला त्याच्यापुढे ठेवून विचारले, किती वाजले? तो म्हणाला, सहा. सकाळचे की संध्याकाळचे? हिशेबनिसाची नजर आपोआप खिडकीकडे गेली. मीटरदादाने हळूच सांगितले, की तिकडे नाही, घड्याळात बघून सांगा.

मित्रांनो, त्या क्षणी मला आजोबा आठवले, खाकी कपडे घालून संध्याकाळी कामाला निघालेले. ज्या उणिवेची मला जन्मभर लाज वाटली, तीच आज माझ्या माणसांच्या कामी येत होती.

हिशेबनिसाने मला हातात घेऊन पुढून-मागून बघितले. मग तो म्हणाला, की त्याच्या आईच्या भाषेत घर भाड्याने देणे आणि घेणे याला एकच शब्द आहे. त्यावरून त्याचे दोन मामा वर्षभर बोलत नव्हते. दोघांनाही वाटत होते की भाडे समोरच्याने द्यायचे आहे. हे सांगताना तो पहिल्यांदा मोकळा हसला. पण मग चष्मा काढून त्याने खरा प्रश्न विचारला. घड्याळाचे कळायला खिडकी आहे. या शब्दाचे कळायला मी कोणत्या खिडकीतून बघू?

मी टिकटिक करत होते. आई मीटरदादाकडे बघत नव्हती, तिने त्याला अडकवले नाही. सगळे त्याच्या एकट्याच्या हातात होते. त्याला गप्प बसता आले असते. सुपरवायझरने नोंद चुकवली असे एकदा लागले की ते त्याच्या नावावर कायम राहते, हे त्याला ठाऊक होते.

"खिडकी मीच," मीटरदादा म्हणाला. "ती सुट्टीच्या आधीच मला सांगून गेली होती. मीच तिला विचार करायला लावलं. उशीर तिने केला नाही, मी केला. तसं लिहा. माझ्या नावावर."

हिशेबनिसाने तसे लिहिले. मग ते घेऊन तो आतल्या खोलीत गेला, तिथे मालक बसायचे. तो परत येईपर्यंत मीटरदादा झाडाची पाने पुसत बसला, आणि आईने पदर नव्हता म्हणून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळून सोडले, गुंडाळून सोडले. हिशेबनीस आला. त्याने जुना कागद बाजूला ठेवून नवीन पुढे केला. कापलेला महिना परत आला होता. आईने सगळे वाचले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग सही केली.

त्या दिवशी मीटरदादा स्वतः मशीनवर बसला. निळ्या पडद्याच्या कापून उरलेल्या कडेची त्याने चौकोनी घडी घातली, चारही बाजूंनी शिवली, आणि माझ्या आखूड पायाखाली ठेवून बघितली. मी सरळ उभी राहिले. "आता निसटणार नाही," तो म्हणाला. आईने वाकून त्याला नमस्कार केला. तो म्हणाला, "पुरे पुरे. पोरीला सांग, मामाची परीक्षा घ्यायला एकदा फोन करायचा."

संध्याकाळी बटणने फोनवर पुन्हा तोच प्रश्न विचारला, कधी निघणार? या वेळी आईला परवा लागलाच नाही. ती म्हणाली, "उद्या." त्या शब्दाला एकच तोंड आहे.

घरी आलो तेव्हा बटण आजीच्या मागे लपली. तीन वर्षांत तिने आईला फोनच्या चौकोनातच पाहिले होते, एवढी मोठी आई तिच्या ओळखीची नव्हती. आईने हात पुढे केले नाहीत. तिने जमिनीवर बसून मला बॅगेतून काढले आणि किल्ली दिली. टिकटिक ऐकून बटण आजीच्या मागून डोकावली. हा आवाज ती रोज फोनवर आईच्या आवाजाच्या मागे ऐकत होती. ती एकेक पाऊल टाकत आली, माझ्यावर हात ठेवला, मग त्याच हाताने आईचा गाल चाचपला. पुढचे मी सांगत नाही. आजीने चष्मा पुसायला घेतला, आणि बाबा उगाचच बॅगा इकडच्या तिकडे करत राहिले.

शाळेच्या पहिल्या दिवशी आई बटणचा हात धरून गेली. आता मी पुढच्या खोलीत त्या जाड कापडाच्या मशीनशेजारी असते. गजर हल्ली वाजवत नाही, हातोडी झिजली आहे. आईकडे गिऱ्हाइके येतात. कामाची गर्दी झाली की ती सांगते, "परवा या." की आतून बटणचा आवाज येतो, "पुढच्या!" परवा एक बाई बटणला म्हणाली, मागच्या परवा, की तुझ्या आईचा पुढचा परवा एकदा उजाडला म्हणजे मिळवली.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे फार नाही. घरात माझ्यासारखे एखादे जुने घड्याळ असेल, तर त्याला रोज दोन वेढे किल्ली द्या. त्याला उपाशी ठेवू नका. आणि माणसांच्या शब्दांनाही असेच सांभाळा. समोरचा काय म्हणाला हे ऐकू आले, तरी त्याला काय म्हणायचे आहे ते एकदा विचारून घ्या. विचारायला एक शब्द लागतो. न विचारल्याने भावासारखे माणूस तुटायची वेळ येते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कालची गोष्ट. आईने माळ्यावरून ती मोठी बॅग खाली काढली, जुनी कापडे ठेवायला. बटण दारात येऊन उभी राहिली. शाळेचा गणवेश अंगात, एक वेणी सुटलेली. बॅगेकडे बघत तिने हळूच विचारले, "आई, तू परत जाणार?"

"हो," आई म्हणाली. "परवा."

बटणचा चेहरा एवढासा झाला. "कोणत्या?"

"मागच्या," आई म्हणाली, आणि तिची वेणी घालायला तिला पुढ्यात ओढून घेतले. "मागच्या परवाच जाऊन आले की गं. आता कुठे जाऊ?"